अमेरिका–मेक्सिको सीमापट्ट्यातील शाळांचा नकाशा : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

सॅन दिएगो–तिह्वाना ते ब्राउन्सव्हिल–माटामोरोस अशी सुमारे 3,145 किलोमीटर लांबीची ही सीमा आहे. तिच्या दोन्ही अंगांच्या शाळा एकाच नकाशावर आणू पाहणारे विद्यार्थी, संशोधक आणि जीआयएसचे (संगणकीय नकाशांचे) काम करणारे लोक जे प्रश्न पुन्हा पुन्हा विचारतात, त्यांची उत्तरे येथे दिली आहेत.

दोन्ही देशांकडे शाळांच्या याद्या आहेत, मग वेगळा नकाशा कशासाठी?

याद्या आहेत आणि त्या चांगल्याही आहेत, पण प्रत्येक यादी सीमारेषेपाशी संपते. अमेरिकी नकाशात एल पासोच्या दक्षिणेला कोरी जागा दिसते आणि मेक्सिकन नकाशात सिउदाद ह्वारेसच्या उत्तरेला. प्रत्यक्षात ही दोन शहरे एकाच खोऱ्यात वसलेली आहेत, त्यांची हवा एक आहे, नदी एक आहे आणि अनेक कुटुंबे दोन्हीकडे विभागलेली आहेत. धुळीचे वादळ उठले, नदीला पूर आला किंवा उष्णतेची लाट आली, तर किती शाळांना झळ बसेल या प्रश्नाचे उत्तर अर्ध्या नकाशावरून मिळत नाही. शिवाय या पट्ट्यात शिक्षण अर्धवट सोडून पलीकडच्या देशात नव्याने प्रवेश घेणारी मुले मोठ्या संख्येने असतात. त्यांच्या स्थलांतराचा अभ्यास करणाऱ्याला दोन्हीकडच्या शाळा शेजारी शेजारी दिसणे अत्यावश्यक असते.

सीमापट्टा म्हणजे नेमका किती भाग धरावा?

सर्वाधिक वापरली जाणारी व्याख्या 1983 च्या ला पाझ करारातील आहे. त्यानुसार सीमेच्या दोन्ही बाजूंना प्रत्येकी 100 किलोमीटरपर्यंतचा प्रदेश सीमाभाग मानला जातो. करार पर्यावरणविषयक असला तरी आरोग्य आणि लोकसंख्येच्या अभ्यासातही ही व्याख्या रुळली आहे. या पट्ट्यात अमेरिकेची कॅलिफोर्निया, ॲरिझोना, न्यू मेक्सिको आणि टेक्सास ही चार राज्ये येतात, तर मेक्सिकोची बाहा कॅलिफोर्निया, सोनोरा, चिवावा, कोआविला, नुएवो लेओन आणि तामाउलिपास ही सहा.

अडचण अशी की 100 किलोमीटरची रेघ काउंटी (अमेरिकी राज्यांचे जिल्हे) आणि म्युनिसिपिओ (मेक्सिकन राज्यांचे स्थानिक विभाग) मधोमध कापत जाते आणि लोकसंख्येचे आकडे तर पूर्ण काउंटीचे किंवा पूर्ण म्युनिसिपिओचे असतात. म्हणून पट्ट्याला स्पर्श करणाऱ्या सर्व काउंटी आणि म्युनिसिपिओंमधील शाळा आधी संपूर्ण गोळा कराव्यात, प्रत्येक शाळेचे सीमेपासूनचे अंतर वेगळ्या रकान्यात नोंदवावे आणि गाळणी शेवटी लावावी. सुरुवातीलाच कापून टाकलेला डेटा नंतर पुन्हा जोडणे फार त्रासाचे ठरते.

माहिती कोठून घ्यावी?

अमेरिकेच्या बाजूने नॅशनल सेंटर फॉर एज्युकेशन स्टॅटिस्टिक्स, म्हणजे एनसीईएस, ही संस्था सार्वजनिक शाळांची वार्षिक यादी ‘कॉमन कोअर ऑफ डेटा’ या नावाने प्रसिद्ध करते आणि शाळांचे अक्षांश-रेखांशही देते. खाजगी शाळांचे सर्वेक्षण दर दोन वर्षांनी होते. ते ऐच्छिक असल्यामुळे लहान धार्मिक शाळा त्यातून सुटू शकतात, हे ध्यानात ठेवावे.

मेक्सिकोत शिक्षण मंत्रालय, म्हणजे एसईपी, प्रत्येक शाळेला संकेतांक देते आणि ‘फॉर्मातो 911’ या प्रपत्राद्वारे पटसंख्या, शिक्षक आणि वर्गांची माहिती गोळा करते. राष्ट्रीय सांख्यिकी संस्था आयनेगी हिची ‘देनुए’ नावाची आस्थापनांची निर्देशिका आहे. तिच्यात शाळाही असतात आणि त्यांचे स्थानही दिलेले असते. याखेरीज 2013 साली एसईपी आणि आयनेगी यांनी मिळून मूलभूत शिक्षणाच्या शाळा, शिक्षक आणि विद्यार्थी यांची जनगणना केली. ती जुनी झाली असली, तरी इमारत आणि शाळा या दोन वस्तू वेगळ्या मोजण्याची तिची पद्धत आजही अनुकरणीय आहे.

या सर्वांना पूरक म्हणून ओपनस्ट्रीटमॅप हा स्वयंसेवकांनी मिळून केलेला खुला नकाशा उपयोगी पडतो, विशेषतः शाळेच्या आवाराची हद्द आखलेली असेल तेथे. त्याचा परवाना मात्र सरकारी डेटाच्या परवान्यापेक्षा वेगळा आहे. त्यातून घेतलेला भाग स्वतंत्र थरात ठेवला नाही, तर पुढे संपूर्ण संग्रहालाच त्या परवान्याच्या अटी लागू होऊ शकतात.

दोन्ही देशांचे शाळा-संकेतांक कसे वाचावेत?

मेक्सिकोचा संकेतांक दहा चिन्हांचा असतो. पहिले दोन अंक राज्याचे असतात, उदाहरणार्थ बाहा कॅलिफोर्नियासाठी 02, चिवावासाठी 08 आणि तामाउलिपाससाठी 28. पुढील तीन अक्षरांतून शाळा कोणाच्या अखत्यारीत आहे आणि कोणत्या प्रकारची आहे हे कळते : ‘डीपीआर’ आणि ‘ईपीआर’ म्हणजे सार्वजनिक प्राथमिक शाळा, ‘पीपीआर’ म्हणजे खाजगी प्राथमिक, ‘डीजेएन’ म्हणजे बालवाडी. त्यानंतर चार अंकी अनुक्रम आणि अखेरीस पडताळणीचे एक अक्षर येते.

एनसीईएसचा संकेतांक बारा अंकी असतो. पहिले सात अंक स्कूल डिस्ट्रिक्टचे, म्हणजे स्थानिक शाळा चालवणाऱ्या प्रशासकीय विभागाचे (त्यातले आरंभीचे दोन राज्याचे) आणि उरलेले पाच शाळेचे. येथे एक साधी पण महागात पडणारी चूक संभवते. कॅलिफोर्नियाचा क्रमांक 06 आणि ॲरिझोनाचा 04 असल्यामुळे यादी एक्सेलमध्ये उघडताच सुरुवातीचे शून्य नाहीसे होते आणि त्या दोन राज्यांच्या शाळा कोणत्याच दुसऱ्या यादीशी जुळत नाहीत. टेक्सासचा क्रमांक 48 आणि न्यू मेक्सिकोचा 35, त्यामुळे तेथे सगळे सुरळीत जुळते आणि नकाशा करणाऱ्याला वाटते की पश्चिमेकडचा डेटाच अपुरा आहे. संकेतांकाचा रकाना आयात करतानाच ‘मजकूर’ म्हणून घोषित केला, तर हा प्रश्न उद्भवत नाही.

दोन्ही संकेतांक मोडून स्वतःचा एकच ‘सीमा-संकेतांक’ तयार करण्याचा मोह अनेकांना होतो. तो टाळावा असे माझे ठाम मत आहे. अंतर्गत वापरासाठी वेगळा क्रमांक हवा असल्यास द्यावा, पण मूळ संकेतांक जसाच्या तसा सोबत राहिला पाहिजे, कारण मुख्याध्यापक, जिल्हा कार्यालय आणि मंत्रालय त्याच क्रमांकाने शाळेला ओळखतात.

मेक्सिकोच्या बाजूला एकाच जागी दोन-दोन बिंदू दिसतात. त्यातला एक पुसावा का?

नाही, पुसू नये. मेक्सिकोत एकाच इमारतीत सकाळच्या सत्रात एक शाळा आणि दुपारच्या सत्रात दुसरी शाळा भरणे ही सर्वसाधारण बाब आहे. त्या दोन शाळांचे संकेतांक वेगळे असतात, बहुधा मुख्याध्यापक आणि शिक्षकही वेगळे असतात, आणि कधी नावेही वेगळी असतात. दरवाजा, पटांगण आणि ध्वजस्तंभ मात्र एकच. ‘पन्नास मीटरच्या आतील दोन नोंदी म्हणजे पुनरावृत्ती’ असा नियम लावून स्वच्छता करणारी आज्ञावली अशा ठिकाणी दुपारच्या सत्राची संपूर्ण शाळा नकाशावरून पुसून टाकते. तिह्वाना आणि सिउदाद ह्वारेस ही कारखान्यांमुळे वेगाने वाढलेली शहरे आहेत आणि अशा शहरांत दुपारच्या सत्राची गरज सर्वाधिक असते. म्हणजे जेथे मुले जास्त तेथेच शाळा कमी दिसू लागतात.

यावरचा उपाय म्हणजे दोन तक्ते ठेवणे. पहिल्या तक्त्यात जागा : इमारत किंवा आवार, तिचा बिंदू आणि शक्य असल्यास तिची हद्द. दुसऱ्या तक्त्यात शाळा : संकेतांक, नाव, सत्र, इयत्ता आणि पटसंख्या. प्रत्येक शाळा एका जागेशी जोडलेली असावी आणि एका जागेशी कितीही शाळा जोडता याव्यात. अमेरिकेच्या बाजूलाही हीच रचना कामी येते, कारण तेथेही एकाच आवारात डिस्ट्रिक्टची शाळा आणि चार्टर शाळा (सरकारी पैशाने, पण स्वतंत्रपणे चालवली जाणारी), किंवा मिडल स्कूल आणि हायस्कूल एकत्र असू शकते. भूकंपाचा किंवा पुराचा धोका मोजायचा असेल तर जागा मोजाव्यात, शिक्षणाची सोय मोजायची असेल तर शाळा मोजाव्यात. या दोहोंत गल्लत झाली की निष्कर्ष चुकलाच म्हणून समजावे.

अशीच काळजी ‘कोनाफे’ या संस्थेच्या सामुदायिक वर्गांबाबत घ्यावी. 1971 मध्ये स्थापन झालेली ही संस्था अगदी लहान वस्त्यांत वर्ग चालवते. तो वर्ग एखाद्या घरात किंवा समाजमंदिरात भरत असेल, तर पुढच्या वर्षी जागा बदलू शकते. त्याचा बिंदू वाडीवर ठेवावा आणि ‘अंदाजे’ अशी नोंद करावी. छोटा वर्ग आहे म्हणून त्याला वगळणे मात्र अन्यायाचे होईल. त्या वस्तीतल्या मुलांसाठी तीच एकमेव शाळा असते.

अक्षांश-रेखांश दिलेले असतानाही बिंदू भलतीकडे का पडतात?

याची कारणे वेगवेगळी असतात आणि प्रत्येकाची खूण वेगळी असते, त्यामुळे ती ओळखता येतात.

सर्वांत ढोबळ चूक उणे चिन्हाची. सीमाभाग पश्चिम रेखांशावर आहे, म्हणून दशांश पद्धतीत रेखांश उणे लिहावा लागतो. ते चिन्ह गळले तर सिउदाद ह्वारेसची शाळा थेट चीनच्या सिचुआन प्रांतात जाऊन बसते. ही चूक लगेच दिसते, म्हणून ती फारशी घातक नाही. अक्षांश आणि रेखांश यांची अदलाबदल झाली, तर रेखांशाचा आकडा अक्षांशाच्या रकान्यात येतो आणि तो 90 हून मोठा असल्यामुळे संगणकच तो नाकारतो. अंश-मिनिटे-सेकंद या स्वरूपातील जुन्या नोंदी मात्र गुपचूप फसवतात. ‘31 अंश 40 मिनिटे’ हे कोणी 31.40 असे लिहिले, तर खरे मूल्य 31.67 असल्यामुळे शाळा सुमारे 30 किलोमीटर दक्षिणेला सरकते, आणि तरीही ती मेक्सिकोतच, एखाद्या विश्वासार्ह वाटणाऱ्या ठिकाणी पडते. एखाद्या यादीत दशांशचिन्हानंतरच्या पहिल्या दोन आकड्यांची संख्या कधीच 59 च्या वर जात नसेल, तर हीच चूक झाल्याचा संशय घ्यावा.

अमेरिकेच्या बाजूला वेगळी गोष्ट घडते. तेथे पत्त्यावरून स्थान काढण्याची पद्धत रुळलेली आहे आणि घरक्रमांकांच्या मर्यादेवरून अंदाज बांधला गेला, तर बिंदू शाळेच्या छपरावर न पडता रस्त्यावर पडतो. शहरात हा फरक थोडा असतो. मोठ्या ग्रामीण आवारात तो काहीशे मीटरचा होऊ शकतो. कधी यादीत टपालाचा पत्ता दिलेला असतो आणि मग डिस्ट्रिक्टच्या सगळ्या शाळा त्या डिस्ट्रिक्टच्या कार्यालयावर एकावर एक रचल्या जातात. टेक्सासच्या सीमेवर ‘कोलोनिया’ म्हणून ओळखल्या जाणाऱ्या, मूलभूत सोयींचा अभाव असलेल्या वस्त्यांत रस्त्यांची नावे आणि घरक्रमांक नेहमीच नीट नोंदलेले नसतात. तेथे पत्त्यावर विसंबू नये. मेक्सिकोच्या ग्रामीण भागात तर पत्त्याच्या रकान्यात ‘दोमिसिलिओ कोनोसिदो’, म्हणजे ‘पत्ता सर्वांना माहीत’, एवढेच लिहिलेले आढळते. गावकऱ्यांना ते पुरेसे असते, नकाशाला नसते.

दशांशानंतर किती आकडे ठेवावेत, असेही विचारले जाते. पाच आकड्यांनी सुमारे एक मीटरपर्यंतची अचूकता व्यक्त होते आणि शाळेसाठी ती भरपूर आहे. दहा आकडे असलेली नोंद अधिक अचूक आहे असे मुळीच समजू नये, कारण ते आकडे बहुधा रूपांतराच्या गणितातून आलेले असतात. प्रत्येक बिंदूसोबत तो कसा मिळाला हे लिहिणे अधिक मोलाचे आहे : जागेवर जीपीएसने, उपग्रहचित्रावरून, पत्त्यावरून, की केवळ गावाच्या मध्यबिंदूवरून. हा एक रकाना नसेल, तर बाकीचे रकाने कितीही नेटके असले तरी मी त्या नकाशावर विसंबणार नाही.

सीमेलगतची शाळा कोणत्या देशात आहे हे संगणकाने ठरवावे का?

ठरवू देऊ नये. अमेरिकेच्या जनगणना विभागाची सीमारेषा आणि आयनेगीची सीमारेषा या दोन फायली एकमेकींवर ठेवल्या की काही ठिकाणी त्यांत फट दिसते आणि काही ठिकाणी त्या एकमेकींवर चढतात. जगाच्या छोट्या प्रमाणावरील नकाशातली रेषा घेतली तर फरक आणखी वाढतो. नोगालेससारख्या ठिकाणी कुंपणाच्या दोन्ही अंगांना लगेच वस्ती सुरू होते. तेथे अशा रेषेवर विसंबल्यास शाळा चुकीच्या देशात जाते किंवा कोणत्याच देशात राहत नाही.

रिओ ग्रांदेच्या भागात रेषेला इतिहासही आहे. नदीने पात्र बदलल्यामुळे एल पासो आणि सिउदाद ह्वारेस यांच्यामधल्या चामिझाल या भूभागावरून दोन देशांत दीर्घकाळ वाद होता. तो 1963 च्या कराराने मिटला आणि नदीसाठी काँक्रीटचे नवे पात्र बांधले गेले. पुढे 1970 च्या सीमा कराराने उरलेले वाद निकाली काढले. त्यापूर्वीच्या नकाशांवरून काढलेली रेषा या भागात वापरू नये.

म्हणून देश हा रकाना मूळ यादीवरून भरावा. एसईपीचा संकेतांक असलेली शाळा मेक्सिकोची, एनसीईएसचा संकेतांक असलेली अमेरिकेची. बिंदू आणि रेषा यांचा मेळ बसला नाही, तर ती तपासणीची खूण मानावी आणि आधी बिंदू तपासावा.

डेटम आणि प्रक्षेपण कोणते ठेवावे?

डेटम म्हणजे अक्षांश-रेखांश ज्या संदर्भावरून मोजले जातात तो पाया आणि प्रक्षेपण म्हणजे गोल पृथ्वी सपाट नकाशावर उतरवण्याची पद्धत. साठवण डब्ल्यूजीएस 84 या प्रणालीतील अक्षांश-रेखांशांत करावी. अमेरिकेचा बराच सरकारी डेटा एनएडी 83 या डेटमवर असतो आणि मेक्सिकोचा अधिकृत संदर्भ आयटीआरएफ या आंतरराष्ट्रीय संदर्भचौकटीवर आधारित आहे. या दोहोंतील फरक एक-दोन मीटरचा असल्यामुळे शाळेच्या बिंदूसाठी तो नगण्य आहे. मात्र एनएडी 27 वरील जुने नकाशे वापरले असतील तर रूपांतर केलेच पाहिजे, कारण तेथे फरक दहा मीटरांच्या कितीतरी पट असतो. पृथ्वीचे उभे विभाग पाडणाऱ्या यूटीएम या प्रक्षेपणात ही सीमा 11 ते 14 अशा चार विभागांतून जाते, त्यामुळे संपूर्ण पट्ट्यासाठी एकच यूटीएम विभाग वापरू नये. अंतरे भूपृष्ठाच्या वक्रतेनुसार मोजावीत.

दोन देशांतील शालेय स्तर एकमेकांशी कसे जुळवावेत?

मेक्सिकोत प्राथमिक शाळा सहा वर्षांची, ‘सेकुंदारिया’ तीन वर्षांची आणि त्यानंतरचे उच्च माध्यमिक शिक्षण बहुधा तीन वर्षांचे असते. अमेरिकेत डिस्ट्रिक्टप्रमाणे रचना बदलते, पण मिडल स्कूल सहावी ते आठवी आणि हायस्कूल नववी ते बारावी ही मांडणी बरीच आढळते. म्हणजे नववीतील मूल मेक्सिकोत सेकुंदारियात असते आणि अमेरिकेत हायस्कूलमध्ये. सहावीतील मूल मेक्सिकोत प्राथमिक शाळेत असते आणि अमेरिकेत बहुधा मिडल स्कूलमध्ये. ‘प्राथमिक’ आणि ‘माध्यमिक’ अशा दोनच रंगांत नकाशा रंगवला तर सीमेच्या दोन्ही बाजूंचे रंग एकच गोष्ट सांगत नाहीत. प्रत्येक शाळेची सर्वांत खालची आणि सर्वांत वरची इयत्ता दोन रकान्यांत नोंदवावी आणि तुलना इयत्तेनुसार करावी. 1968 पासून चालत आलेल्या दूरचित्रवाणी-आधारित ‘तेलेसेकुंदारिया’ शाळा सेकुंदारियातच मोजाव्यात, पण त्यांचा प्रकार वेगळा दाखवावा.

सीमेपलीकडची सर्वांत जवळची शाळा किती अंतरावर आहे हे कसे मोजावे?

सरळ रेषेतील अंतर येथे जवळपास निरर्थक आहे. कुंपणापलीकडची शाळा घराच्या गच्चीवरून दिसत असली, तरी तेथे पोहोचायचे तर अधिकृत नाक्यावरूनच जावे लागते. अंतर घरापासून नाक्यापर्यंत, नाका ओलांडण्याचा वेळ आणि नाक्यापासून शाळेपर्यंत अशा तीन तुकड्यांत मोजावे. अमेरिकेचा सीमाशुल्क विभाग नाक्यांवरील प्रतीक्षेचा वेळ प्रसिद्ध करतो. तो सकाळी शाळेच्या वेळी किती असतो, एवढेच येथे महत्त्वाचे आहे, दिवसाची सरासरी नव्हे. नाक्यांच्या वेळाही पाहाव्यात. टेक्सासच्या बिग बेंड भागातील बोकियास येथील ओलांडणी 2013 मध्ये पुन्हा सुरू झाली, पण ती आठवड्यातील सर्व दिवस उघडी नसते. नकाशावर ती इतर नाक्यांसारखीच दाखवली, तर वाचकाची दिशाभूल होते.

सीमा ओलांडून शाळेत येणारी मुले नकाशावर दाखवावीत का?

अशी मुले आहेत हे सर्वज्ञात आहे. न्यू मेक्सिकोतील कोलंबस येथील शाळेत पलीकडच्या पालोमास गावातून अमेरिकी नागरिक असलेली मुले रोज नाका ओलांडून येतात, याविषयी अनेकदा लिहिले गेले आहे. परंतु एखाद्या विशिष्ट शाळेत अशी किती मुले आहेत हा आकडा नकाशावर टाकणे मला मान्य नाही. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने 1982 मध्ये प्लायलर विरुद्ध डो या खटल्यात मुलांच्या स्थलांतरविषयक स्थितीवरून त्यांना सार्वजनिक शिक्षण नाकारता येणार नाही असा निर्णय दिला. तरीही कुटुंबांच्या मनातील भीती खरी असते आणि एका आकड्यामुळे मूल शाळेत येणे थांबवू शकते. शाळेचे स्थान ही सार्वजनिक माहिती आहे, ती द्यावी. मुलांची ये-जा, बस थांबण्याच्या जागा, शाळा सुटण्याच्या वेळा, प्रवेशद्वारांचे तपशील हे सार्वजनिक नकाशात असू नयेत. ये-जा दाखवणे अभ्यासासाठी आवश्यकच असेल, तर काउंटी किंवा म्युनिसिपिओच्या पातळीवर आणि लहान आकडे झाकून दाखवावी.

उपग्रहचित्रावरून शाळा ओळखता येतात का?

बऱ्याच अंशी येतात. मेक्सिकन शाळेत लांबट, एकाला समांतर एक अशा वर्गखोल्यांच्या ओळी, मध्ये काँक्रीटचे पटांगण आणि त्यावर बास्केटबॉलच्या रेघा, कधी त्यावर मोठे कमानदार छप्पर, अशी ठेवण वारंवार दिसते. 1944 मध्ये स्थापन झालेल्या शालेय बांधकाम संस्थेने देशभर ठरावीक नमुन्यांची बांधकामे केल्याचा हा परिणाम आहे. अमेरिकी हायस्कूल धावपट्टीच्या लंबगोलावरून, बेसबॉलच्या मैदानावरून आणि विस्तीर्ण वाहनतळावरून ओळखू येते. युनिसेफ आणि आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघ यांच्या 2019 साली सुरू झालेल्या ‘गिगा’ उपक्रमातही उपग्रहचित्रांवरून शाळा शोधण्यासाठी संगणकीय पद्धती वापरल्या गेल्या आहेत. मात्र चित्रावरून शाळा चालू आहे की बंद, हे समजत नाही. भाड्याच्या दुकानगाळ्यात भरणारी चार्टर शाळा तर वरून अजिबात दिसत नाही. चित्राचा उपयोग यादीतील बिंदू तपासण्यासाठी करावा, यादीला पर्याय म्हणून नव्हे.

शाळांची नावे जुळवताना काय सांभाळावे?

मेक्सिकोत बेनितो ह्वारेस, मिगेल इदाल्गो आणि निन्योस एरोएस या नावांच्या शाळा असंख्य आहेत, एकाच म्युनिसिपिओतही एकाहून अधिक असू शकतात. त्यामुळे केवळ नावावरून नोंदी कधीही जोडू नयेत. स्पॅनिशमधील ‘एन्ये’ हे अक्षर आणि स्वरांवरील चिन्हे फाइल चुकीच्या संकेतनात उघडल्यास बिघडतात. यूटीएफ-8 हे सर्व लिप्यांची अक्षरे सांभाळणारे संकेतन वापरावे आणि मूळ नावातील चिन्हे काढून टाकू नयेत. जुळवणीसाठी चिन्हरहित प्रत वेगळ्या रकान्यात ठेवावी.

नकाशा किती वेळा अद्ययावत करावा?

वर्षातून एकदा, दोन्ही देशांचा नवा डेटा आल्यावर. मेक्सिकोची आकडेवारी शैक्षणिक वर्षाच्या आरंभी आणि अखेरीस गोळा होते, अमेरिकेची पटसंख्या साधारणपणे ऑक्टोबरच्या सुमाराची असते, म्हणून तुलनेसाठी मेक्सिकोची आरंभीची आकडेवारी घ्यावी. बंद झालेली शाळा पुसू नये. तिच्यासमोर ‘बंद’ ही स्थिती आणि ती ज्या वर्षाच्या यादीत शेवटची आढळली ते वर्ष लिहावे. इमारत तीच राहून संकेतांक बदलला असेल तर जुना आणि नवा दोन्ही जोडून ठेवावेत. एखाद्या वाचकाने चूक कळवली तर दुरुस्ती आपल्या प्रतीत करावीच, पण ती मूळ यादी राखणाऱ्या कार्यालयालाही संकेतांकासह कळवावी, नाहीतर पुढील वर्षीच्या फाइलबरोबर तीच चूक परत येते.